मुळं उपटून पाहिली तेव्हा : परसबागेतल्या सूत्रकृमींचं एक प्रकरण

कराडच्या बाहेरच्या अंगाला आमचं घर आहे. घरामागे साडेपाचशे चौरस फुटांची मोकळी जागा, त्यात दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे चार वाफे, भिंतीलगत वेलांचा मांडव, कोपऱ्यात डाळिंब आणि मागच्या दाराशी तुळशीवृंदावन. मूळची माती काळी, चिकण. पावसाळ्यात पाणी साचायचं, उन्हाळ्यात भेगा पडायच्या. २०११ साली सासूबाईंनी नदीकाठच्या पोयट्याची एक ट्रॉली टाकून घेतली, शेणखत मिसळलं आणि वाफे बांधले. तेव्हापासून या जागेत रासायनिक खत आलेलं नाही, फवारणीचं औषधही नाही. स्वयंपाकघरातला ओला कचरा, पालापाचोळा, गवळ्याकडचं शेण, निंबोळी अर्क यांवर बाग चालते. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बागेत माझा वाटा संध्याकाळच्या तासाभराच्या कामाचा आणि नोंदींचा. कुठल्या वाफ्यात काय लावलं, किती निघालं, हे मी दिनदर्शिकेच्या पानांमागे लिहून ठेवते. या नोंदी नसत्या तर पुढचं काहीच उलगडलं नसतं.

पहिल्या वाफ्यातल्या बारा टोमॅटोच्या झाडांचे आकडे असे आहेत. २०२१-२२ च्या हिवाळ्यात ३१ किलो, पुढच्या वर्षी २४, त्याच्या पुढच्या वर्षी १३. झाडं तेवढीच, लागवडीचा आठवडा तोच, हातही तेच. चोवीसचा आकडा लिहिताना मी अवकाळी पावसाला बोल लावला होता. तेराच्या वेळी रोपं निकृष्ट निघाली असं ठरवलं. एकाच दिशेने उतरणारे हे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहायला मला तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

झाडं काय सांगत होती

२०२४ च्या पावसाळ्यात भेंडी गुडघ्याच्या वर गेलीच नाही. पानं लहान, फिकट, फळं बोटभर होऊन निबर. ऑक्टोबरमध्ये लावलेले टोमॅटो महिनाभरातच दुपारी मान टाकू लागले. ऊन कलल्यावर पुन्हा ताठ. वाफ्यातली माती हाताला ओलसर लागत होती, तरी झाड तहानल्यासारखं दिसायचं, म्हणून आम्ही पाणी वाढवलं. खालची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा भूक लागली असं समजून खाऊ घातलं. दर पंधरा दिवसांनी जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाचं आंबवण, मग आठवड्याला, मग गांडूळखताचा थर, मग पेंडीचं पाणी. प्रत्येक वेळी चार-सहा दिवस शेंडा हिरवागार व्हायचा आणि आम्हाला वाटायचं, लागू पडलं. मग पुन्हा तेच.

ही चार दिवसांची हिरवाई फसवी होती. ताजं अन्न मिळालं की झाड वरच्या थरात नवीन मुळं फोडतं आणि तेवढ्या मुळांवर थोडे दिवस तगतं. आजार जिथे होता तिथे आम्ही पोचलोच नव्हतो. पानावर डाग नाही, मावा नाही, पांढरी माशी नेहमीइतकीच. झाडाचा जो भाग दिसत होता त्यावर दोष ठेवायला जागाच नव्हती.

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी मी ठरवून तपासायला बसले. आधी मर रोगाची शंका फेडून घेतली. टोमॅटोमध्ये जिवाणूजन्य मर असेल तर बुडाजवळचं खोड कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगलं की थोड्याच वेळात कापातून दुधी रंगाचे धागे खाली उतरतात. पंधरा मिनिटं पेल्याकडे बघत राहिले, पाणी नितळच होतं. खोड उभं चिरलं. आत तपकिरी रेष असती तर बुरशीची मर म्हटलं असतं, तीही नव्हती. तेवढ्यात सासूबाईंनी पलीकडच्या वाफ्यातलं एक वठलेलं भेंडीचं झाड उपटलं आणि माझ्यासमोर धरलं.

“बघ गं, काय गाठी आल्यात! भुईमुगाला येतात तशा. म्हणजे माती चांगली आहे म्हणायची.”

मुळांना हळकुंडासारख्या गाठी होत्या. काही मोहरीएवढ्या, काही बोराएवढ्या, एकीला लागून एक. बारीक केसमुळं जवळजवळ नव्हतीच. आईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण भुईमूग, चवळी, घेवडा यांच्या मुळांवर हवेतलं नत्र स्थिर करणाऱ्या गाठी असतात आणि त्या चांगल्याच असतात. पण भेंडी शेंगवर्गातली नाही. मग फरक पाहण्यासाठी आम्ही मांडवाखालची चवळी उपटली. तिच्या मुळांवर दोन्ही प्रकारच्या गाठी एकत्र मिळाल्या. नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते. नखाने हलकेच ढकलली तर सुटते, आणि जिवंत असेल तर फोडल्यावर आतून गुलाबी दिसते. दुसरी गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. ती सुटत नाही, ओढली तर मूळच तुटतं. आईंनी स्वतःच्या नखाने दोन्ही करून पाहिलं आणि काही वेळ काहीच बोलल्या नाहीत.

गाठीच्या आत कोण

या गाठी सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या दोऱ्यासारख्या बारीक कृमींच्या. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचं शास्त्रीय नाव मेलॉइडोगायनी. जमिनीतलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते मुळाच्या कोवळ्या टोकापाशी आत शिरतं, एका जागी बसतं आणि आपल्या लाळेने आसपासच्या पेशींना भुलवतं. त्या पेशी विभागून वेगळ्या होण्याऐवजी फुगत जातात, राक्षसी आकाराच्या होतात आणि झाडाचं अन्न त्या पिल्लाला पुरवत राहतात. मादी वाढून नासपतीच्या आकाराची होते, जागची हलत नाही, आणि जेलीसारख्या पुंजक्यात साधारण दोनशे ते पाचशे अंडी घालते. जमिनीचं तापमान २५ ते २८ अंश असेल तर हे चक्र महिन्याभरात पुरं होतं. टोमॅटो चार महिने उभा असतो, म्हणजे एकाच झाडावर तीन-चार पिढ्या. दुपारी झाड का मान टाकत होतं ते आता कळलं. मातीत पाणी होतं, पण गाठींनी भरलेल्या मुळांतून ते वर चढत नव्हतं.

मी वर्गात सूत्रकृमी शिकवते. फळ्यावर आकृती काढते. घरच्या वाफ्यात त्या असतील असं तीन वर्षांत एकदाही मनात आलं नाही, कारण सेंद्रिय माती म्हणजे निरोगी माती हे आमच्या घरात गृहीत होतं. पुष्कळ सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीत सूत्रकृमींचे शत्रूही पुष्कळ असतात, झाडाची सहनशक्तीही जास्त असते, हे खरं. म्हणून तर आमची झाडं इतकी वर्षं फळं देत राहिली. पण आमचा पोयटा हलका आणि वाळूमिश्रित होता, आणि तशा मोकळ्या मातीत सूत्रकृमींचं चांगलं फावतं.

फेरपालट केली, ती कोणाच्या नजरेने?

नोंदींची पानं काढून मी प्रत्येक वाफ्याचा पाच वर्षांचा इतिहास लिहिला. पहिल्या वाफ्यात टोमॅटो, मग भेंडी, मग चवळी, मग काकडी, पुन्हा टोमॅटो. दुसऱ्यात वांगी, दोडका, घेवडा, भेंडी. पुस्तकी नियमाने ही फेरपालट उत्तम आहे. टोमॅटो-वांग्याचं कूळ एक, भेंडीचं दुसरं, वेलांचं तिसरं, शेंगांचं चौथं, आणि एका कुळामागे तेच कूळ आम्ही कधी लावलं नव्हतं. बुरशीच्या कित्येक रोगांना एवढं पुरतं. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मात्र ही चारही कुळं चालतात. आमच्या दृष्टीने पीक बदलत होतं आणि त्यांच्या ताटात दर तीन महिन्यांनी नवा पदार्थ येत होता. या प्रकरणातली सगळ्यांत मोठी चूक मला हीच वाटते, आणि परसबागेत ती फार सहज होते. घरात खपणाऱ्या भाज्या कोणत्या? टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, दोडका, दुधी, गवार, घेवडा. जवळजवळ सगळ्या त्यांच्या आवडीच्या. त्यांना फारशा न मानवणाऱ्या कांदा आणि लसणाला आम्ही वाफा द्यायचोच नाही. बाजारात मिळतात की, म्हणायचो.

त्यात तण. वाफा मोकळा ठेवला तरी कडेला कामोणी उगवायची, आणि तिचा पाला भाजीला होतो म्हणून आई ती राखायच्या. कामोणीच्या मुळांवरही गाठी मिळाल्या. वाफा रिकामा दिसत होता, पण सूत्रकृमींची उपासमार एक दिवसही झाली नव्हती.

सूत्रकृमी आल्या कुठून, याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. संशयित तीन. दरवर्षी रोपवाटिकेतून पिशवीच्या मातीसकट येणारी टोमॅटो-वांग्याची रोपं, २०१९ मध्ये आणलेलं डाळिंबाचं कलम, आणि पोयटा. पोयट्यात असत्या तर चारही वाफे सुरुवातीपासून सारखे बिघडले असते, म्हणून तो मी वगळला. उरलेल्यांसाठी एक घरगुती चाचणी केली. ती कोणालाही करता येईल म्हणून सविस्तर सांगते.

चार वाफे, डाळिंबाचं बूड, तुळशीवृंदावन अशा सहा जागांची माती घेतली. वरची दोन बोटं माती बाजूला सारून वीतभर खोलीपर्यंतची, आणि प्रत्येक जागी चार-पाच ठिकाणांहून थोडी थोडी काढून एकत्र केलेली. सातवी कुंडी गच्चीवरच्या कोऱ्या मातीची, तुलनेसाठी. प्रत्येक कुंडीत काकडीच्या तीन बिया. काकडी यासाठी की तिची मुळं लवकर वाढतात आणि गाठी ठळक दिसतात. खुरपं प्रत्येक जागेनंतर धुतलं, कुंड्यांखाली वेगवेगळ्या ताटल्या ठेवल्या, नाहीतर एकीचं पाणी दुसरीत गेलं असतं. एरवी पाच आठवडे पुरतात. डिसेंबरची थंडी असल्याने मी पन्नास दिवस थांबले. मग रोपं माती न झटकता बादलीतल्या पाण्यात बुडवून हलकेच मोकळी केली आणि गाठी मोजल्या. मोजण्याची रूढ पट्टी शून्य ते पाचची आहे : एकही गाठ नाही तर शून्य, एक-दोन असतील तर १, दहापर्यंत २, तीसपर्यंत ३, शंभरपर्यंत ४, त्यापुढे ५.

पहिला वाफा ५, दुसरा ४, तिसरा ४, चौथा २. डाळिंबाचं बूड ५. वृंदावन शून्य, गच्चीची माती शून्य.

डाळिंब पहिल्या वाफ्याला लागून आहे आणि तिथून दूर जावं तसा आकडा उतरतो. डाळिंबाला या सूत्रकृमी लागतात हे महाराष्ट्रातल्या डाळिंबवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून माझा सर्वाधिक संशय त्या कलमावर आहे. आता एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहायला हवी. जीवामृत करताना दहा लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर माती घालतात. ती माती न नांगरलेल्या, झाडाखालच्या जागेची घ्यावी असं सांगतात. आमच्या अंगणात झाडाखालची माती म्हणजे डाळिंबाखालची. ती मूठ मीच घालत होते. आंबवणात किती अंडी तगली असतील ते मला सांगता येणार नाही, पण झारीने चारही वाफ्यांत ते पाणी मी गेली काही वर्षं फिरवत होते. शिवाय एकच खुरपं, आणि पहिल्या वाफ्याकडून चौथ्याकडे उतरणारा पाण्याचा पाट.

वृंदावनाच्या शून्याने घरात सगळ्यांना बरं वाटलं. तुळशीलाही या सूत्रकृमी लागतात, आणि वाफ्याच्या कडेला आपोआप उगवलेल्या दोन तुळशींच्या मुळांवर गाठी होत्याच. आई उगवलेली तुळस कधी उपटत नाहीत, रोप म्हणून आल्यागेल्याला देतात. यापुढे रोप द्यायचं ते वृंदावनातल्या मंजिऱ्यांपासून, गच्चीच्या मातीत तयार करून, असं त्यांनीच ठरवलं.

दाणेदार औषधाची पिशवी

गाठींची बातमी भिंतीपलीकडे गेली आणि शेजारचे काका पिशवी घेऊन आले. त्यांचं ऊसाचं रान आहे, माणूस अतिशय मायाळू, आमच्या मांडवाचे बांबू त्यांनीच दिलेले. “ताई, दोन मुठी दाणेदार टाका वाफ्यात. पंधरा दिवसांत मोकळं होईल,” म्हणाले. पिशवीत फोरेट होतं, गोठ्यात जुनं पडून राहिलेलं. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. ते मुळांतून शोषलं जाऊन झाडभर पसरतं, म्हणजे आमच्या कोथिंबिरीत, भेंडीत, आणि तिथून ताटात. विषारीही फार जहाल. मी काकांना हे सगळं समजावून सांगितलं आणि पिशवी त्यांच्या घरातही ठेवू नका, निदान नातवंडांच्या हाताला लागेल अशी तर नकोच, म्हणून विनवलं. त्यांनी ऐकलं. घरात मात्र त्या रात्री प्रश्न निघालाच. नवरा म्हणाला, “एकदाच टाकून मोकळं केलं तर? पुढे पुन्हा सेंद्रिय आहेच की.” त्यात अर्थ नव्हता असं नाही, पण एकदा टाकून सूत्रकृमी संपत नाहीत. खोलवरची अंडी राहतात, डाळिंबाची मुळं राहतात, आणि आम्ही तेच टोमॅटो-भेंडी लावणार असू तर दोन हंगामांत पुन्हा तिथेच येणार. फोरेटने आमची लागवडीची सवय बदलली नसती.

काय केलं

नोव्हेंबरातच गाठी असलेली सगळी झाडं मुळासकट काढली. ओढून नाही, कारण ओढलं की गाठी मातीतच तुटून राहतात. कुदळीने सैल करून, चाळून काढली. ही मुळं खतखड्ड्यात टाकायची नाहीत. घरगुती खड्डा अंडी मरतील इतका तापतोच असं नाही. फरशीवर आठवडाभर कडक उन्हात वाळवली आणि जाळली. हिवाळ्यात तीन वाफ्यांत कांदा आणि लसूण लावले, आणि कामोणी दिसताक्षणी उपटायची असं ठरलं. तेही सोपं नव्हतं. आईंना दोनदा वाईट वाटलं.

खरी लढाई उन्हाळ्यातली. एप्रिल-मे मधलं आपलं ऊन हे फार मोठं साधन आहे आणि ते फुकट आहे. ३ एप्रिल २०२५ ला पहिला आणि तिसरा वाफा ढेकळं फोडून सपाट केला, वीतभर खोल ओल जाईल इतकं पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी वर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून अंथरला. कडा चारी बाजूंनी अर्धा फूट चरात गाडल्या. कागद पारदर्शकच हवा. काळा कागद स्वतः तापतो, माती तेवढी तापवत नाही. ओलही हवीच, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि कोरड्या मातीतली अंडी जास्त चिवट असतात. कागद मातीला चिकटून बसला पाहिजे, मध्ये हवा राहिली तर काम बिघडतं. प्रयोगशाळेतला जुना तापमापक कागदाच्या कडेतून खुपसून दुपारी तीनला मी रोज पाहायचे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोन इंचांवर ५१ अंश, सहा इंचांवर ४१. पहिल्या वाफ्याचा डाळिंबाकडचा तीनेक फुटांचा भाग मात्र दुपारनंतर सावलीत जायचा, तिथे दोन इंचांवर ४४ च्या वर आकडा गेला नाही.

सेंद्रिय म्हणताना प्लास्टिक का, हा प्रश्न आम्हालाही पडला. कागद न फाडता काढला, धुऊन घडी घालून माळ्यावर ठेवला. यंदा तोच वापरतो आहे. याहून चांगलं उत्तर मला सुचलेलं नाही.

सहा आठवडे पुरे होतात, आम्हाला जेमतेम तेवढेच मिळाले. २०२५ चा मे आठवत असेल. वळवाचा म्हणता म्हणता पाऊस थांबेचना, आणि २६ मेला तर मोसमी पाऊस मुंबईत पोचलाही. १७ मेला कागदावर पाण्याची तळी साचली, दुसऱ्या दिवशी तो काढून घेतला. पंचेचाळीस दिवस झाले होते.

त्यानंतर झेंडू. बागेच्या कडेला दोन-चार झेंडू लावले की सूत्रकृमी पळतात असं सगळीकडे सांगितलं जातं. ते तसं होत नाही. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमींना मारक अशी द्रव्यं असतात, आणि त्याच्या मुळांत शिरलेल्या पिल्लांची वाढ पुरी होत नाही. म्हणजे मुळं पोचतात तेवढ्यापुरताच उपयोग. म्हणून वाफा भरून, नऊ इंचांवर एक रोप, मध्ये दुसरं काही नाही, आणि तीन महिने उभा. लहान तांबूस-पिवळ्या फुलांचा ठेंगणा फ्रेंच झेंडू यासाठी सर्वांत चांगला मानतात. आम्हाला पहिल्या वाफ्यापुरतीच त्याची रोपं मिळाली, दुसऱ्यात नेहमीचा मोठ्या फुलांचा लावला. भाजीचा एक सबंध हंगाम दोन वाफ्यांतून द्यायचा हे घराला पटवणं अवघड होतं, पण झेंडू म्हटल्यावर दसऱ्याचं गणित आईंनीच जमवलं. जूनच्या शेवटी रोपं लावली की २ ऑक्टोबरच्या दसऱ्याला तोरणाला फुलं. गल्लीत चार घरांना पुरून उरली.

तिसऱ्या वाफ्यात कागद काढल्यावर निंबोळी पेंड टाकली, चौरस मीटरला दोनशे ग्रॅम, म्हणजे चाळीस चौरस फुटांच्या वाफ्याला पाऊण किलो. शिवाय दहा किलो कुजलेल्या शेणखतात वीस ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि वीस ग्रॅम पॅसिलोमायसिस मिसळून पंधरा दिवस सावलीत ओल्या गोणपाटाखाली मुरवलं आणि ते पसरलं. ट्रायकोडर्मा ही मुळांना रोगांपासून जपणारी बुरशी, आणि पॅसिलोमायसिस ही सूत्रकृमींची अंडी खाणारी. पॅसिलोमायसिसचं शास्त्रीय नाव आता बदललं आहे, पण दुकानात याच नावाने मिळते. पुडीवरची तारीख नक्की पाहा. काउंटरवर उन्हात पडलेली पुडी आणू नका, आत जिवंत बुरशी असते. त्या वाफ्यात पावसाळ्यात ताग पेरला आणि फुलावर येण्याआधी हिरवळीचं खत म्हणून गाडला.

चौथा वाफा आईंचा. “सगळं रान पडीक ठेवून वर्षभर काय खायचं?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तिथे फक्त निंबोळी पेंड घातली आणि भेंडी, घेवडा, मिरची नेहमीसारखी चालू राहिली. माझ्या दृष्टीने तो तुलनेचा वाफा झाला.

डाळिंब तोडायचं का? सगळ्यांत जास्त बोलणं यावर झालं, आणि सगळ्यांत कमी शब्दांत संपलं. ते सासऱ्यांनी लावलेलं शेवटचं झाड आहे. ते राहिलं. त्याच्या आणि पहिल्या वाफ्याच्या मध्ये दीड फूट खोल चर खणून मुळं तोडली, चरात जुने पत्रे उभे केले, आळ्यात वर्षातून दोनदा निंबोळी पेंड आणि त्याच शेणखताचं मिश्रण. त्याच्या आळ्यातलं खुरपं वेगळं आहे, दांड्याला लाल दोरा बांधलेला.

फेब्रुवारीत मुळं धुतली

दसऱ्यानंतर चारही वाफ्यांत सहा-सहा टोमॅटो लावले. रोपं या वेळी घरी, गच्चीच्या मातीत तयार केलेली. सूत्रकृमींना दाद न देणारे ‘पुसा १२०’ आणि ‘हिसार ललित’ हे वाण आहेत, पण मी मुद्दाम आमचं नेहमीचंच बियाणं वापरलं. वाण बदललं असतं तर मातीत काय फरक पडला ते कळलं नसतं.

या फेब्रुवारीच्या शेवटी झाडं काढली आणि अंगणात बादल्या मांडून मुळं धुतली. आई चष्मा लावून मोजत होत्या, मी लिहीत होते. पहिल्या वाफ्यातल्या चार झाडांना १, डाळिंबाकडच्या दोघांना ३. बरोबर त्याच भागात, जिथे सावलीमुळे माती तापली नव्हती आणि पत्र्याखालून मुळं आली असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या वाफ्यात, म्हणजे नुसत्या झेंडूवर, सगळी २ ते ३. तिसऱ्यात १, दोन झाडं अगदी स्वच्छ. चौथ्यात, जो आधी सर्वांत बरा होता, चार झाडांना ४ आणि दोघांना ३.

फळांचं वजन : पहिल्या वाफ्यातून सहा झाडांचे १३ किलो, दुसऱ्यातून ११, तिसऱ्यातून साडेचौदा, चौथ्यातून ७. सहा झाडांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगते आणि इथेही सांगते. तिसऱ्या वाफ्यात ऊन, पेंड, बुरशी आणि ताग अशा चार गोष्टी एकदम झाल्या, त्यातलं कोणतं श्रेय कोणाचं ते मला वेगळं करता येत नाही. तरी चौथ्या वाफ्याचा चढलेला आकडा माझ्यासाठी सर्वांत बोलका आहे. माती तीच, पेंडही घातलेली, फक्त त्यांना आवडणारी पिकं एकामागून एक उभी राहिली आणि वर्षभरात दोनाचे चार झाले.

आणखी खात्री हवी असेल तर माती तपासून घेता येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालतं. नमुना पाव किलोचा, मुळांच्या तुकड्यांसकट, प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर ठेवून न्यायचा. रासायनिक परीक्षणाला नेतो तसा वाळवून नेला तर आतल्या सूत्रकृमी मरतात आणि मोजायला काही उरत नाही.

या वर्षाची मांडणी आईंनी केली आहे, मी फक्त लिहून घेतली. चौथ्या वाफ्यावर ४ एप्रिलपासून माळ्यावरचा तोच कागद आहे. पहिल्यात पावसाळ्यात ताग, मग कांदा. टोमॅटो एका वाफ्यात तीन वर्षांतून एकदाच येणार, आणि तेही उन्हं किंवा झेंडू होऊन गेल्यावर. भेंडी गच्चीवर पिशव्यांत गेली आहे, दहा पिशव्या, कोऱ्या मातीच्या. जीवामृताची मूठभर माती आता वृंदावनातली. वर्षातून एकदा, डिसेंबरात, काकडीच्या सात कुंड्या. आणि कोणतंही झाड दुपारी मान टाकायला लागलं की झारी उचलायच्या आधी त्यातलं एक उपटून बादलीत धुवायचं. परवा गच्चीतली एक भेंडी सुकली, तेव्हा मी कॉलेजातून येईपर्यंत आईंनी ती उपटून, मुळं धुऊन पांढऱ्या ताटलीत ठेवली होती. गाठ एकही नव्हती. बुडाशी मुळं कुरतडणारी हुमणी अळी निघाली.